शस्त्रास दृष्टी कशी आली

सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याच्या साधनांची मोजदाद केलेली आहे. बोथट यंत्रे १०१ आणि धारदार शस्त्रे २०. यंत्रांची ही यादी देताना ग्रंथकाराने एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट सांगितली आहे. या सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय, कारण इतर सारी यंत्रे त्याच्याच आधीन असतात. वरवर पाहता हे विधान हाताच्या कौशल्याची स्तुती वाटेल. परंतु आम्हांस त्यात एक प्रश्न दडलेला दिसतो. हाताचे सामर्थ्य केवळ कापण्यात नाही. तो चाचपतो, मऊ आणि कठीण यांतला भेद ओळखतो, डोळ्यांच्या सांगण्यावरून वळतो आणि मुख्य म्हणजे कोठे थांबावे हे जाणतो. मग जेथे हात पोहोचूच शकत नाही, अशा ठिकाणी वाढलेले मांस काढावयाचे झाले तर शस्त्राने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मनुष्याने एक उपकरण घडविले. त्याचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे मांडू इच्छितो. उपकरणाचे नाव रिसेक्टोस्कोप. आपल्या घरांतून मात्र त्याचा उल्लेख 'दुर्बिणीचे ऑपरेशन' याच नावाने होतो, तोही बहुधा आवाज खाली आणून.

आवाज खाली आणण्याचे कारण उघड आहे. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत तिला अष्ठीला-ग्रंथी म्हणतात आणि बोलण्यात प्रोस्टेट. उतारवयात ही ग्रंथी पुष्कळांच्या शरीरात वाढू लागते आणि ज्या मार्गाला तिने वेढलेले असते तोच मार्ग आवळते. मग रात्रीतून चार चार वेळा उठावे लागते, उठूनही मूत्राशय पूर्णपणे रिकामे होत नाही आणि एखादे दिवशी लघवी अजिबात बंद होऊन मनुष्य वेदनेने तळमळू लागतो. आयुष्यभर कचेरीत दहा जणांवर हुकूम चालविलेला गृहस्थ अशा वेळी स्वतःच्या मुलापाशीही तोंड उघडावयास लाजतो. दुखण्याइतकाच त्रास या लाजेने दिला आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत या रोग्यांस एकच आधार असे, तो म्हणजे मूत्रमार्गात नळी घालून लघवी काढणे. ती नळी अनेकांना जन्मभर जवळ बाळगावी लागे. जंतूंचे ज्ञान नसल्यामुळे त्या नळीवाटेच पुढे मृत्यू आत शिरे.

अडथळा आहे तेथपर्यंत जाऊन तो काढावा, ही कल्पना काही नवी नव्हती. सोळाव्या शतकात फ्रान्सचा आंब्रवाझ पारे याने मूत्रमार्गातील वाढलेले मांस खरवडण्याच्या साधनांचे वर्णन केले. १८३४ मध्ये इंग्रज शस्त्रवैद्य जॉर्ज गथ्री याने मूत्राशयाच्या तोंडाशी आडवा येणारा पडदा कापण्यासाठी नळीत लपविलेल्या पात्याचा उपाय सांगितला. पॅरिसमध्ये मर्सिये याने त्या मांसाचा तुकडा तोडून घेणारे हत्यार बनविले. १८७० नंतरच्या दशकात इटलीच्या बोत्तिनी याने विजेने तापविलेल्या पात्याने ते जाळून काढण्याचा प्रयत्न केला. ही सर्व हत्यारे चतुराईने घडविलेली होती. तथापि त्या सर्वांत एक समान उणीव होती. ती आंधळी होती. पाते कोठे लागत आहे, रक्तवाहिनी तुटली की नाही, पुढे मूत्राशयाची भिंत आहे की ग्रंथी, यांपैकी काहीही शस्त्रवैद्यास दिसत नसे. काळोख्या कोठारात कोयता फिरविण्यासारखाच तो प्रकार होता.

आंधळ्या शस्त्रावर विश्वास नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग उरतो तो शरीर उघडून प्रत्यक्ष हात आत घालण्याचा. या मार्गाच्या इतिहासात हिंदुस्थानाशी निगडित असे एक नाव येते. पीटर फ्रेयर हा मूळचा आयर्लंडचा. १८७५ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि पुढली वीस वर्षे त्याने उत्तर हिंदुस्थानात काढली. मूत्राशयातील खडे हा त्या भागातील फार जुना रोग. बॉस्टनच्या बिगेलो याने १८७८ मध्ये खडा आतल्या आत चिरडून, पाण्याच्या झोताबरोबर त्याचा चुरा एकाच बैठकीत बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. तिचा वापर फ्रेयरने येथे शेकडो रोग्यांवर केला. चिरडण्याचे हे कामही केवळ स्पर्शाच्या अंदाजाने चाले. या कामात त्याचा हात किती तयार झाला असेल याची कल्पना करता येते. नोकरी संपवून तो लंडनला गेला आणि १ डिसेंबर १९०० रोजी त्याने ओटीपोटावरून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी सबंध काढली. न्यूयॉर्कचा फुलर यानेही तशी शस्त्रक्रिया त्यापूर्वी केली होती आणि अग्रमानाचा वाद पुढे बराच रंगला. परंतु ही पद्धत जगभर पसरली ती फ्रेयरच्या प्रसिद्धीमुळे. त्या शस्त्रक्रियेतील खरे शस्त्र कोणते होते? शस्त्रवैद्याचे बोट. संत्र्याच्या सालीतून गर सुटा करावा तसे ते बोट ग्रंथीला तिच्या आवरणातून सोडवीत असे. हात हेच प्रधान यंत्र, हे वचन जणू लंडनमध्ये पुन्हा सिद्ध झाले.

मात्र त्या बोटाला वाट करून देण्यासाठी पोट उघडावे लागे, रक्त पुष्कळ जाई आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणावर काढावे लागत. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत, त्या वृद्धास ही किंमत परवडत नसे. म्हणजे सर्वांत दुर्बळ रोग्यालाच उपचाराचा दरवाजा बंद. हा दरवाजा उघडण्यासाठी शस्त्रास पुन्हा त्या अरुंद मार्गानेच पाठविणे भाग होते. फरक इतकाच की या वेळी त्यास डोळे देऊन पाठवावयाचे होते.

डोळे देण्याचे प्रयत्न स्वतंत्रपणे चाललेले होते. फ्रँकफुर्टचा तरुण वैद्य फिलिप बोझिनी याने १८०६ च्या सुमारास मेणबत्तीचा उजेड आरशाच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत टाकणारे साधन बनविले. जाणकारांनी त्याची उपेक्षा केली आणि १८०९ मध्ये तो तापाने वारला. १८५३ मध्ये पॅरिसच्या देझॉर्मो याने मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांचा दिवा वापरून तेच काम पुढे नेले. परंतु दिवा शरीराबाहेर आणि अंधार आत, ही अडचण कायमच होती. जर्मनीच्या माक्सिमिलियान निट्झे याने हा क्रम उलटा केला. त्याने दिवाच आत नेला. विजेने तापवून लाल केलेली प्लॅटिनमची तार नळीच्या टोकाशी बसवून, ती भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळविले आणि भिंगांची मालिका जोडून १८७७ मध्ये मूत्राशय आतून पाहता येईल असे यंत्र दाखविले. १८७९ मध्ये व्हिएन्नाचा कुशल कारागीर लायटर याच्या मदतीने ते सुधारले. त्याच वर्षी एडिसनचा दिवा आला. थोड्याच वर्षांत तो इतका लहान करता आला की पाण्याच्या खेळविण्याची गरजच उरली नाही. मूत्राशय दिसू लागले, परंतु पाहणे आणि कापणे अजून एकत्र आले नव्हते.

१९०९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयातील ह्यू यंग याने एक साधे पण नामी हत्यार काढले. एका नळीच्या टोकाजवळ खिडकी ठेवलेली असे. नळी आत गेली म्हणजे आडवे येणारे मांस त्या खिडकीतून आत लोंबे. मग धारदार कडेची दुसरी नळी आतून पुढे सारली की ते मांस सपकन् तुटे. या रचनेतील खुबी खिडकीत होती. खिडकीत मावेल तेवढेच तुटणार, त्याहून अधिक नाही. शस्त्रास दृष्टी आली नसली तरी मर्यादा आली होती. १९१२ मध्ये यंगने याच हत्याराने जेम्स ब्रेडी या रेल्वे-सामानाच्या बड्या विक्रेत्यावर उपचार केले. हिरे आणि खाणे या दोन्ही शौकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थास इतर व्याधींमुळे पोट उघडणे धोक्याचे होते. बरे झाल्यावर त्याने दिलेल्या देणगीतून १९१५ मध्ये त्या रुग्णालयात मूत्ररोगांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण थंड पात्याने तोडलेल्या ठिकाणचे रक्त थांबविण्याचा उपाय यंगच्या हत्यारात नव्हता.

तो उपाय विजेने दिला. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीअर याने मूत्राशयातील गाठी उच्च कंपनाच्या विद्युत्प्रवाहाने, पाण्याखाली, डोळ्यांनी पाहत जाळता येतात हे दाखविले. १९२६ मध्ये बॉस्टनला भौतिकशास्त्रज्ञ बोव्ही याच्या यंत्राने मेंदूचे प्रख्यात शस्त्रवैद्य कुशिंग यांनी अशाच प्रवाहाने रक्तस्राव आवरून शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माक्सिमिलियन स्टर्न याने नळी, दिवा, भिंग आणि टंगस्टनच्या तारेचे एक बारीक कडे अशी चार अंगे एकत्र आणली आणि त्या जोडणीला रिसेक्टोस्कोप हे नाव दिले. तारेतून प्रवाह गेला की ते कडे लोण्यातून सुरी जावी तसे मांसातून सरके आणि तांदळाएवढा, पुढे पुढे शेवयांसारखा तुकडा निघे. शस्त्रवैद्य प्रथमच आपण काय कापतो आहोत हे कापतानाच पाहत होता.

तरीही स्टर्नचे उपकरण चटकन रुळले नाही. कडे नाजूक होते आणि जो प्रवाह कापी तो रक्त पुरेसे थांबवीत नसे. या दोषांवर उपाय काढला तो साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल या गावाच्या थिओडोर डेव्हिस याने. वैद्यक शिकण्यापूर्वी हा मनुष्य इंजिनिअर होता आणि हा तपशील येथे अप्रस्तुत नाही. त्याने तार जाड केली, विजेपासून बचाव करणारे आवरण सुधारले आणि पायाखाली दोन खटके दिले, एक कापण्याच्या प्रवाहाचा आणि दुसरा रक्त गोठविण्याच्या प्रवाहाचा. दोन्ही हात उपकरणावर, डोळा भिंगाशी आणि निर्णय पायाशी. १९३१ मध्ये त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी याने नळी बेकलाइटची केली, म्हणजे वीज भलतीकडे जाण्याचे भय कमी झाले, आणि भिंगाची नजर किंचित तिरकी ठेवून कड्याची संपूर्ण वाट दृष्टीच्या टप्प्यात आणली. त्याचे कडे प्रथम पुढे जाई आणि कापीत कापीत शस्त्रवैद्याकडे परत येई. अज्ञाताकडे ढकलण्यापेक्षा आपल्याकडे ओढणे सुरक्षित, हा साधा विचार त्यामागे होता.

यापुढचा भाग सुखाचा नाही. उपकरण गाजताच ते विकत घेण्याची अहमहमिका लागली. पोट न उघडता रोगी बरा होतो म्हटल्यावर कोणास मोह पडणार नाही? परंतु भिंगातून दिसणाऱ्या लालसर, धूसर वर्तुळात ग्रंथी कोणती आणि लघवी रोखून धरणारा स्नायू कोणता, हे ओळखण्यास दीर्घ अभ्यास लागतो. तो नसलेल्यांच्या हातून अपघात झाले आणि अनेकांनी ती महागडी उपकरणे निमूटपणे कपाटात ठेवून दिली. सुश्रुताने शिष्यांना कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा आणि पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदनाचा सराव आधी करावयास सांगितला होता, त्याचा अर्थ अशा वेळी कळतो. शस्त्र कितीही सुधारले तरी हाताची उमेदवारी चुकत नाही.

मिशिगनमधील ॲन आर्बरच्या रीड नेस्बिट याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उपकरणात एक स्प्रिंग बसविली. आता ते एका हाताने, अंगठ्याच्या दाबावर चालू लागले. वाचकांस हा फरक किरकोळ वाटेल. पण त्यामुळे दुसरा हात मोकळा झाला आणि त्या हाताचे बोट गुदमार्गातून ग्रंथीला खालून उचलून धरू लागले. किती मांस उरले, आवरण किती जवळ आले, हे डोळ्याबरोबर बोटालाही कळू लागले. फ्रेयरचे बोट अशा रीतीने दुसऱ्या वाटेने परत आले. त्याच दशकात, १९३७ मध्ये, मायलो एलिक याने मूत्राशयात साठलेले मांसाचे तुकडे धुऊन काढणारा काचेचा फुगा तयार केला. बिगेलो खड्याचा चुरा ज्या तत्त्वाने काढीत असे तेच हे तत्त्व.

सर्वांत शिकविणारी चूक मात्र हत्यारात नव्हती, पाण्यात होती. शस्त्रक्रिया चालू असताना दृष्टी स्वच्छ राहावी म्हणून आत सतत पाणी सोडावे लागते. विजेला वाहून नेत नाही म्हणून ते मिठाविरहित शुद्ध पाणी असे. वर्षानुवर्षे काही रोगी शस्त्रक्रियेनंतर अकारण दगावत. कापलेल्या शिरांवाटे हे पाणी रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडते, हे मिनेसोटाच्या क्रीव्ही याने १९४७ मध्ये दाखवून दिले. पुढल्याच वर्षी नेस्बिट आणि ग्लिकमन यांनी पाण्याऐवजी ग्लायसिनचा द्रव सुचविला आणि पेशींचे फुटणे थांबले. तरीही द्रव फार शोषला गेल्यास रक्तातील सोडियम घटून रोगी भ्रमिष्ट होण्याचा धोका राहिलाच. म्हणून शस्त्रक्रिया तासाभरात आटोपण्याचा दंडक पडला. १९७५ मध्ये इग्लेसियास याने पाणी एका वाटेने आत आणि दुसऱ्या वाटेने बाहेर असे सतत वाहते ठेवण्याची रचना केली, त्यामुळे आतला दाब कमी झाला. विद्युत्प्रवाहाची जाण्यायेण्याची दोन्ही टोके उपकरणातच ठेवण्याची युक्ती चालू शतकात रुळली, तेव्हा कोठे साधे मिठाचे पाणी वापरणे शक्य झाले.

दृष्टीतही एक मोठी सुधारणा व्हावयाची होती आणि तिच्याशीही एका भारतीयाचा संबंध आहे. इंग्लंडमधील प्रकाशशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉप्किन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अशा तंतूंतून बाहेरच्या प्रखर दिव्याचा उजेड उष्णतेवाचून आत पोहोचविता येऊ लागला. पुढे लिव्हरपूलचे मूत्रशल्यवैद्य जेम्स गाऊ यांनी मूत्राशयाची चांगली छायाचित्रे घेता येत नाहीत अशी अडचण हॉप्किन्सपुढे मांडली. जुन्या दुर्बिणीत लांब हवेच्या पोकळीत मधून मधून काचेची पातळ भिंगे असत. हॉप्किन्सने उलटे केले. लांब काचेचे दांडे ठेवले आणि मधल्या हवेच्या फटींना भिंगांचे काम दिले. १९५९ मध्ये या कल्पनेची नोंद झाली. इंग्लंडमधील कारखानदारांनी तिच्याकडे पाठ फिरविली. अखेर जर्मनीच्या कार्ल श्टोर्ट्‌स याने ती उचलली आणि १९६७ पर्यंत नव्या दुर्बिणी हाती आल्या. धूसर वर्तुळ आता लख्ख झाले होते.

त्यानंतरही प्रवाह थांबलेला नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस न्यूझीलंडमधील गिलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी लेसरच्या किरणाने सबंध ग्रंथी आवरणातून सोडवून मूत्राशयात ढकलण्याची पद्धत बसविली. तेथे फिरत्या पात्याचे यंत्र तिचे तुकडे करून शोषून घेते. फ्रेयरच्या बोटाची ती चाल किरणाने उचलली, असेच म्हणावे लागेल. या यंत्राने मूत्राशयाची भिंत पकडू नये म्हणून मूत्राशय पाण्याने भरून ताणलेले ठेवावे लागते आणि दृष्टी क्षणभर मंद झाली तरी पाते थांबवावे लागते. नियम तोच, दिसेनासे झाले की थांबा. दुसरीकडे, १९९० नंतर आलेल्या औषधांमुळे पुष्कळ रोग्यांवर शस्त्र चालविण्याची वेळच येत नाही. हाही शस्त्राच्या इतिहासातील एक विजयच मानावा.

हा सारा प्रवास एका दृष्टीत घेतला म्हणजे आम्हांस असे दिसते की शस्त्राची धार वाढविण्यात फार थोडी प्रगती झाली. धार पारेपाशीही होती. प्रगती झाली ती शस्त्रास हाताचे गुण देण्यात. खिडकीने मर्यादा दिली, दिव्याने आणि भिंगाने दृष्टी दिली, दुसऱ्या खटक्याने रक्त आवरण्याचा संयम दिला, स्प्रिंगने स्पर्श परत दिला. आणि या सुधारणा बहुधा अशाच माणसांकडून झाल्या, ज्यांनी ते उपकरण प्रत्यक्ष हाती धरले होते, किंवा हाती धरणाऱ्याची तक्रार मन लावून ऐकली होती. गाऊची अडचण हॉप्किन्सने झटकून टाकली असती तर? आपल्या वाचकांपैकी अनेकांनी नियम राबविणाऱ्या माणसाची हकीकत टेबलावर येताना पाहिली आहे. तिची किंमत त्यांस वेगळी सांगावयास नको.

राहिली गोष्ट लाजेची. उपकरणाने अंधाऱ्या मार्गात दिवा नेला, परंतु रोग्याच्या मनातील अंधारात तो नेणे त्याच्या हाती नाही. काढलेला प्रत्येक तुकडा बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो, आणि कधी कधी वेळेवर तपासल्यामुळेच त्यात लपलेला कर्करोग सापडतो. घरापासून दूर, परक्या गावी, परक्या भाषेतल्या डॉक्टरासमोर हे दुखणे बोलून दाखविणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी रात्री चौथ्यांदा उठणाऱ्या गृहस्थाने एवढे ध्यानात ठेवावे की त्याच्यासाठी चारशे वर्षे माणसे त्या अंधारात वाट शोधीत होती. ती वाट आता उजळली आहे. तिच्या तोंडाशी येऊन दार ठोठावण्याचे काम तेवढे ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.